दुष्टाचे आयुष्य किती? बायबलमधील जुना प्रश्न आणि एर्लांगेनचा इतिहास

एर्लांगेन : अन्यायाची सत्ता फार काळ टिकत नाही, ही श्रद्धा बहुतेक सर्व समाजांत आढळते. ‘पापाचा घडा भरला’ असे आपण मराठीत सहज म्हणतो, त्यामागेही हीच श्रद्धा असते. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांनी मात्र ती नुसती उच्चारून सोडून दिलेली नाही. बायबलमध्ये तिचा पुरस्कार आहे, तिच्यावरील कठोर आक्षेप आहेत आणि त्या आक्षेपांची दखलही आहे. दुष्टता क्षणभंगुर असेल, तर तो ‘क्षण’ केवढा आणि तो सरेपर्यंत माणसाने काय करायचे, हे या चर्चेतील दोन मुख्य प्रश्न आहेत.

उत्तर बावेरियातील एर्लांगेन शहराचा या प्रश्नांशी तीन शतकांहून अधिक काळ संबंध आहे. मराठी वाचकांना हे शहर परिचित आहे ते सीमेन्समुळे, वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगामुळे आणि १७४३ साली सुरू झालेल्या विद्यापीठामुळे. परंतु शहराचा सरळ, आखीव रस्त्यांचा मध्यभाग वसवला गेला तो धर्मछळातून पळून आलेल्या निर्वासितांसाठी. पुढे येथील विद्यापीठात प्रोटेस्टंट धर्मशास्त्राची एक नामांकित परंपरा घडली आणि १९३३ मध्ये त्याच परंपरेतील विद्वानांनी हिटलरच्या राजवटीला धार्मिक आधार पुरवला. निर्वासित आणि प्राध्यापक हे दोघेही एकच ग्रंथ वाचत होते. त्या ग्रंथातील हा विचार आणि या शहरात झालेले त्याचे वाचन यांचा हा परिचय.

भूस, गवत आणि धूर

जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ हा १५० स्तोत्रांचा संग्रह आहे. त्यातील पहिल्याच स्तोत्रात दोन प्रकारची माणसे समोरासमोर उभी केलेली आहेत. नीतिमान मनुष्य पाण्याकाठच्या झाडासारखा आणि दुर्जन वाऱ्यावर उडणाऱ्या भुसासारखा, अशी ती तुलना आहे. ज्याने खळ्यावरची उफणणी पाहिली आहे, त्याला या प्रतिमेचा अर्थ सांगावा लागत नाही. सुपातून धान्य आणि भूस एकदमच खाली सोडले जाते. दाणा जड असतो म्हणून पायाशी पडतो, भुसाला वजन नसते म्हणून वारा ते घेऊन जातो. म्हणजे येथे मुद्दा वेळेचा नसून वजनाचा आहे. हिब्रू भाषेत ‘वैभव’ या अर्थाचा ‘कावोद’ हा शब्द ‘जड असणे’ या धातूपासूनच आला आहे, हे ध्यानात घेतले की ही प्रतिमा अधिक स्पष्ट होते.

३७व्या स्तोत्रात भुसाच्या जागी गवत येते. पॅलेस्टाइनच्या टेकड्या हिवाळी पावसाने हिरव्यागार होतात आणि वाळवंटाकडून येणारा उष्ण वारा काही दिवसांत त्यांचा रंग उडवतो. श्रावणातला सह्याद्री आणि फाल्गुनातला सह्याद्री ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा फरक ठाऊक आहे. हे स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहे आणि त्यातील वक्ता एक वृद्ध मनुष्य आहे. दुर्जनांची भरभराट पाहून जळफळू नकोस, असे तो तरुणाला सांगतो. एक जुलमी माणूस आपल्याच मातीत वाढलेल्या झाडासारखा पसरलेला आपण पाहिला होता, पुन्हा त्या वाटेने गेलो तर तो तेथे नव्हता, अशी त्याची साक्ष आहे. त्याच स्तोत्रात धुराचीही उपमा येते. ९२वे स्तोत्र दुर्जनाला गवत म्हणते आणि त्याच्या शेजारी खजुरीचे झाड व गंधसरू उभे करते. एक लवकर उगवते व लवकर वाळते, दुसरे हळू वाढते आणि म्हातारपणीही फळ देते.

सर्वांत प्रांजळ आहे ते ७३वे स्तोत्र. त्याचा कर्ता म्हणून आसाफाचे नाव दिलेले आहे. दुर्जनांची सुबत्ता पाहून आपला पाय घसरण्याच्या बेतात होता, अशी कबुली तो देतो. त्यांना दुखणे नाही, कष्ट नाहीत, गर्व त्यांच्या गळ्यातला दागिना झाला आहे. मग आपण हात स्वच्छ ठेवले ते कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. पुढे देवाच्या मंदिरात गेल्यावर त्याला दिसते की जागे होणाऱ्याच्या दृष्टीने स्वप्नाची जी किंमत, तीच त्या वैभवाची. स्वप्न चालू असताना ते खरेच वाटते, हे येथे गृहीत धरलेले आहे.

या स्तोत्रांवरील एकोणिसाव्या शतकातील एक अत्यंत महत्त्वाचे भाष्य एर्लांगेनमध्ये लिहिले गेले. हिब्रूचे गाढे पंडित फ्रांत्स डेलिच हे १८५० ते १८६७ या काळात येथील विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे स्तोत्रसंहितेवरील भाष्य १८५९-६० मध्ये आणि ईयोबाच्या ग्रंथावरील भाष्य १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यू परंपरेविषयी त्यांना मनापासून आदर होता आणि पुढील आयुष्यात त्यांनी ज्यूंविरुद्ध रचल्या जाणाऱ्या कुभांडांचा जाहीर प्रतिवादही केला.

ईयोबाचा आक्षेप

दुष्टाचा जल्लोष क्षणभराचा असतो, असे बायबलमध्ये सर्वांत स्पष्ट शब्दांत कोणी म्हटले असेल, तर ते ईयोबाच्या ग्रंथातील सोफराने. विसाव्या अध्यायात तो हे सांगतो. ऐकणारा ईयोब निरपराध आहे. त्याची मुले मेली आहेत, संपत्ती गेली आहे, अंगभर फोड उठलेले आहेत. सोफराच्या बोलण्याचा रोख असा की, ज्याचे वैभव इतक्या झपाट्याने गेले तो आतून दुष्टच असला पाहिजे.

एकविसाव्या अध्यायात ईयोब त्याला उत्तर देतो. दुर्जन जगतात, म्हातारे होतात, त्यांची गुरे वितात, पोरे नाचतात आणि ते सुखाने मरतात. त्यांचा दिवा विझलेला तुम्ही कितीदा पाहिला, असे तो उलट विचारतो. वाटसरूंना विचारा, ते हेच सांगतील, असेही बजावतो. ग्रंथाच्या अखेरीस देव ईयोबाच्या मित्रांवर रागावतो आणि त्यांचे बोलणे यथार्थ नव्हते असा निवाडा देतो.

येथे एक पेच निर्माण होतो. जे ३७व्या स्तोत्रात श्रद्धावचन आहे, तेच सोफराच्या तोंडी चुकीचे कसे ठरते? विधान जवळजवळ एकच आहे, फक्त बोलणारा आणि ऐकणारा बदलला आहे. स्तोत्रातील वृद्ध स्वतः अन्यायाच्या बाजूला बसलेला आहे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या पीडिताला धीर देतो आहे. सोफर सुस्थितीत आहे आणि राखेत बसलेल्या माणसाला सिद्धान्त ऐकवतो आहे. दुष्टता क्षणिक आहे या वाक्याचा खरेपणा ते कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो यावर अवलंबून राहतो, ही जाणीव बायबलने स्वतःच्याच पोटात जपलेली आहे. एर्लांगेनचा इतिहास समजून घेताना हीच जाणीव उपयोगी पडते.

नव्या करारातील ‘थोडका काळ’

नव्या करारात हा विचार काळाच्या भाषेत येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात निदणाचा दाखला आहे. शेतकऱ्याने गहू पेरला आणि रात्री वैऱ्याने येऊन त्यात निदण पेरले. पॅलेस्टाइनमधील हे तण ओंब्या येईपर्यंत गव्हासारखेच दिसते. चाकर ते उपटायला निघतात, तेव्हा धनी त्यांना थांबवतो. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे सांगतो. दुष्टतेला मुदत आहे, परंतु त्या मुदतीत ती वाढतही राहते, असा हा दाखला आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूला पकडायला आलेल्यांना तो म्हणतो की ही तुमची घटका आहे आणि अंधाराचा अंमल आहे. ‘घटका’ म्हणताना तिची सत्ता मान्य केली आहे आणि सीमाही सांगितली आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात अंधार सरत चालला आहे असे म्हटले आहे, सरून गेला आहे असे म्हटलेले नाही. पौल आपल्या संकटांना हलकी व तात्पुरती म्हणतो, तेव्हा तो स्वतः फटके आणि तुरुंगवास भोगलेला मनुष्य आहे.

‘प्रकटीकरण’ हा बायबलमधील अखेरचा ग्रंथ रोमन साम्राज्याच्या सावलीत लिहिला गेला. त्यात श्वापदाला ४२ महिने सत्ता मिळते, म्हणजे साडेतीन वर्षे. सात हा पूर्णतेचा आकडा, त्याचा निम्मा म्हणजे अर्धवट, मोडलेला काळ. आपला वेळ थोडा आहे हे सैतानाला ठाऊक आहे, म्हणूनच तो अधिक संतापलेला आहे, असे या ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे आयुष्य थोडके आहे म्हणून दुष्टता सौम्य होत नाही, उलट ती चवताळते. वेदीखाली असलेले हुतात्म्यांचे आत्मे ‘कुठवर?’ असे विचारतात आणि त्यांना आणखी थोडा वेळ थांबा असे उत्तर मिळते. १३व्या स्तोत्रात हाच ‘कुठवर’ चार वेळा आलेला आहे. वाट पाहणाऱ्याने गप्प बसावे असे बायबल सांगत नाही. विचारत राहणे हा त्याच्या प्रार्थनेचाच भाग आहे.

दुष्टतेला स्वतःचे मूळ नाही

या सर्व प्रतिमांना तात्त्विक रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. तारुण्यात ते मानी पंथाच्या प्रभावाखाली होते. प्रकाश आणि अंधार या दोन समान, अनादी शक्ती आहेत, असे तो पंथ मानत असे. ऑगस्टीन यांनी पुढे हे मत सोडले. दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्यातील उणीव आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. आंधळेपण म्हणजे डोळ्यातील वेगळा पदार्थ नव्हे, तो दृष्टीचा अभाव आहे, तसेच हे. चांगले दुष्टाशिवाय असू शकते, दुष्ट मात्र चांगल्यावर पोसल्याशिवाय उभे राहू शकत नाही. म्हणून ते अनंत असू शकत नाही.

हा विचार मराठीत चार शतकांपूर्वीच आलेला आहे. गोव्यातील जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीची उत्पत्ती आणि देवदूतांचे पतन यांच्या कथा आहेत. सैतान हा मुळात चांगला निर्माण झालेला आणि नंतर ढळलेला जीव आहे, तो देवाचा समबळ प्रतिस्पर्धी नाही, ही ख्रिस्ती शिकवण मराठी श्रोत्यांपुढे ओवीच्या चालीत ठेवली गेली.

उणीव म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असा मात्र याचा अर्थ नाही. अन्नाची उणीव माणूस मारते. याच एर्लांगेनमध्ये त्याचा शब्दशः प्रत्यय आला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

ह्युगेनॉट : १०२ वर्षांचा ‘क्षण’

फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनॉटांना, १५९८ च्या नांत फर्मानाने उपासनेचा हक्क दिला होता. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केले. चर्चच्या इमारती पाडल्या गेल्या, पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला आणि सामान्य अनुयायांना देश सोडण्याची बंदी झाली. तरीही लक्षावधी लोक सीमा ओलांडून निसटले. ब्रांडेनबुर्ग-बायरॉइट संस्थानाचे अधिपती मार्कग्राफ ख्रिस्टियान एर्न्स्ट यांनी त्यांना आपल्या मुलुखात आश्रय दिला. पहिले सहा निर्वासित १७ मे १६८६ रोजी एर्लांगेनला पोहोचले आणि पुढे सुमारे १,५०० जण आले. त्यांच्यासाठी जुन्या गावाच्या दक्षिणेस आखीव नवे नगर वसवण्यात आले. त्यांच्या चर्चची पायाभरणी त्याच वर्षी १४ जुलैला झाली. हे चर्च आजही ह्युगेनॉटेनप्लात्स या चौकात उभे आहे.

या लोकांचा स्तोत्रांशी असलेला संबंध फार जवळचा होता. १५६२ मध्ये जिनिव्हात पूर्ण झालेली फ्रेंच पद्यमय स्तोत्रसंहिता त्यांना मुखोद्गत असे. शेतात, तुरुंगात आणि गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा भोगतानाही ते ती गात. आपल्याकडे वारकऱ्याला अभंग जसा, तसे त्यांना स्तोत्र. दुर्जन गवतासारखा वाळतो हे ते पिढ्यान्‌पिढ्या गात आले होते.

मग गवत वाळणार कधी? रॉटरडॅममध्ये आश्रय घेतलेले फ्रेंच धर्मपंडित पियेर ज्युरियो यांनी १६८६ मध्ये या प्रश्नाचे उत्तर गणिताने दिले. प्रकटीकरणातील अकराव्या अध्यायात दोन साक्षीदारांची प्रेते साडेतीन दिवस पडून राहतात आणि मग ते उठतात. एका दिवसाचे एक वर्ष धरून ज्युरियो यांनी हिशेब केला आणि १६८५ पासून साडेतीन वर्षांनी, म्हणजे १६८९ मध्ये, सुटका होईल असे भाकीत केले. अनेक निर्वासितांनी त्यावर भरवसा ठेवला. १६८९ साल आले आणि गेले. १६९७ च्या रिस्विक तहातही फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना काहीच मिळाले नाही, तेव्हा परतण्याची आशा मावळली. प्रोटेस्टंटांना कायदेशीर नागरी अस्तित्व देणारे फर्मान फ्रान्समध्ये निघाले ते १७८७ मध्ये, म्हणजे १०२ वर्षांनी.

या काळात फ्रान्समध्ये राहिलेल्यांनी काय सोसले, याचे एक उदाहरण म्हणजे मारी द्युराँ. दक्षिण फ्रान्समधील एग्-मॉर्त येथील बुरुजात ती १७३० मध्ये कैद झाली आणि १७६८ मध्ये सुटली. धर्म सोडते एवढे म्हटले असते, तर तिची सुटका होऊ शकत होती. ती ३८ वर्षे आत राहिली. त्या बुरुजातील दगडावर कोरलेला ‘प्रतिकार करा’ या अर्थाचा शब्द परंपरेने तिच्या नावे सांगितला जातो.

एर्लांगेनच्या निर्वासितांनी दुसरा मार्ग घेतला. ज्युरियो यांचे गणित चुकले तरी त्यांनी स्तोत्रे गाणे सोडले नाही. मात्र नुसते गात बसलेही नाहीत. मोजे विणण्याची यंत्रे, हातमोजे आणि टोप्या यांचा धंदा त्यांनी येथे उभारला आणि नव्या नगराला त्यावर पोट भरता येऊ लागले. हळूहळू ते जर्मन समाजात मिसळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चर्चमधील फ्रेंच भाषा संपली. ज्या राजाने त्यांना हाकलले त्याची सत्ता गेली, घराणे गेले. त्या सत्तेमुळे जन्माला आलेले नगर मात्र राहिले. परंतु १६८५ मध्ये चाळिशीत असलेल्या कोणाही माणसाने तो शेवट पाहिला नाही. आयुष्याची उमेद परमुलखात नव्याने लावणाऱ्या आजच्या स्थलांतरितांना या हिशेबातील कटुता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९३३ : क्षणिकाला ईश्वरी मानले जाते तेव्हा

एर्लांगेनच्या धर्मशास्त्र विभागाची ख्याती विसाव्या शतकातही कायम होती. वेर्नर एलर्ट १९२३ पासून आणि पाउल आल्टहाउस १९२५ पासून येथे प्राध्यापक होते. दोघेही ल्यूथरच्या विचाराचे मान्यवर अभ्यासक. कुटुंब, राष्ट्रजन आणि राज्यसंस्था या देवाने घालून दिलेल्या ‘व्यवस्था’ आहेत आणि देवाची इच्छा त्यांतूनही कळते, या मतावर त्यांचा भर होता.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. १२ मे रोजी एर्लांगेनच्या श्लोसप्लात्स चौकात पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी आल्टहाउस यांचे छोटे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘चर्चची जर्मन घटका’ असा होतो आणि त्यात त्या वर्षीच्या सत्तांतराचे देवाची देणगी म्हणून स्वागत केलेले होते. लूकच्या शुभवर्तमानात अंधाराच्या सत्तेलाही ‘घटका’ म्हटले आहे, याचा विचार त्या स्वागतात नव्हता.

सप्टेंबर १९३३ मध्ये एक ठोस प्रश्न समोर आला. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती व्यक्तींना पाद्री होऊ द्यायचे की नाही? ‘आर्य कलम’ चर्चला लागू करावे काय, यावर हेसेन प्रांतातील पाद्र्यांनी दोन विद्यापीठांचे मत मागवले. मारबुर्गच्या विभागाने असे कलम ख्रिस्ती चर्चमध्ये बसूच शकत नाही असे उत्तर दिले. एर्लांगेनच्या वतीने एलर्ट आणि आल्टहाउस यांनी २५ सप्टेंबरला दिलेल्या मतात, सध्या पदावर असलेल्यांबाबत काही सवलत ठेवून, यापुढे अशा उमेदवारांना चर्चच्या पदांपासून दूर ठेवावे असे सुचवले. ग्रंथ तोच, वर्ष तेच. निष्कर्ष मात्र उलट.

मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी, मुख्यतः कार्ल बार्ट यांच्या लेखणीतून उतरलेल्या जाहीरनाम्यात, ख्रिस्ताखेरीज इतर कोणतीही घटना वा सत्ता ईश्वरी प्रकटीकरण मानण्यास नकार दिला. त्याला प्रत्युत्तर म्हणून ११ जून रोजी ‘आन्सबाख निवेदन’ निघाले. हिटलरसारखा नेता दिल्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या त्या निवेदनावर एलर्ट आणि आल्टहाउस यांच्या सह्या होत्या. आल्टहाउस यांनी पुढे त्या गटापासून अंतर ठेवले. त्याच विद्यापीठात हेर्मान झासे हेही शिकवत होते. नाझी पक्षाच्या कार्यक्रमातील धर्मविषयक कलम ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत असल्याचे त्यांनी १९३२ मध्येच छापून सांगितले होते. तेव्हा ‘त्या काळी कोणालाच दिसत नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आल्टहाउस आणि एलर्ट यांना स्तोत्रसंहिता ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? त्यांची चूक वेगळी होती. वाऱ्यावर उडणाऱ्या भुसालाच त्यांनी देवाने पेरलेले बी मानले. सत्ता भक्कम दिसू लागली की विद्वानालाही तिच्यात नियतीचा हात दिसतो. ७३व्या स्तोत्रातील आसाफ नेमक्या याच घसरड्या जागेवर उभा होता.

याच्या उलट वाचनाची एक खूण डीट्रिख बॉनहॉफर यांच्या बायबलमध्ये सापडते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली. देशातील प्रार्थनास्थळे जाळल्याचा उल्लेख ७४व्या स्तोत्रात आहे. त्या ओळीजवळ बॉनहॉफर यांनी ९.११.३८ अशी तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली. पुढचीच ओळ, हे कुठवर चालेल हे जाणणारा आमच्यात कोणी नाही, अशा अर्थाची आहे. तिच्याजवळही त्यांनी खूण केली होती. ते केवळ खूण करून थांबले नाहीत. हिटलरविरोधी कटात ते सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, राजवट कोसळण्याच्या महिनाभर आधी, बावेरियातीलच फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, एर्लांगेन अमेरिकी सैन्याच्या हाती आले.

वाट पाहण्याची किंमत

हजार वर्षांची म्हणवली जाणारी ती राजवट १२ वर्षांत संपली. एर्लांगेनपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या न्यूरेंबर्गमध्ये नाझी पक्षाचे मेळावे भरत आणि १९४५-४६ मध्ये त्याच शहरात त्यांच्या नेत्यांवर खटला चालला. स्तोत्रातील वृद्धाचे म्हणणे इतक्या ठळकपणे खरे ठरल्याची उदाहरणे इतिहासात थोडी. परंतु १२ वर्षे हा आकडा कोणाच्या दृष्टीने लहान, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एर्लांगेनमध्ये मनोरुग्णांसाठी मोठी संस्था होती. बर्लिनहून चालवल्या जाणाऱ्या ‘दयामरणा’च्या योजनेत १९४० आणि १९४१ मध्ये तेथील नऊशेहून अधिक रुग्ण बसमधून व रेल्वेने हलवले गेले आणि त्यांतील बहुतेकांना विषारी वायूने मारण्यात आले. देशभरात या पद्धतीने सुमारे ७०,००० जण मारले गेले. १९४० मध्ये प्रोटेस्टंट बिशप टेओफील वुर्म यांनी सरकारला पत्राने विरोध कळवला. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे कॅथलिक बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून या हत्यांचा उघड निषेध केला आणि त्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर फिरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस वायूने मारण्याचे काम अधिकृतपणे थांबवण्यात आले.

हत्या मात्र थांबली नाही, तिने रूप बदलले. ३० नोव्हेंबर १९४२ च्या बावेरियन आदेशानंतर, जे रुग्ण काम करू शकत नव्हते त्यांना जवळजवळ स्निग्धांश नसलेला निकृष्ट आहार देण्यात येऊ लागला. एर्लांगेनच्या संस्थेतही शेकडो रुग्ण उपासमारीने आणि त्यातून जडलेल्या आजारांनी दगावले. ऑगस्टीन ज्याला उणीव म्हणतात, ती येथे ताटात वाढली जात होती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. दुष्टतेची मुदत आकाशात ठरून ठेवलेली आहे आणि माणसाने फक्त दिवस मोजायचे आहेत, असे इतिहास दाखवत नाही. कोणी बोलले तेव्हा ती आखडली. लोक गप्प राहिले तेथे ती पसरली. निदणाच्या दाखल्यातील धन्याने चाकरांना उपटण्यापासून रोखले आहे, पिकाची राखण सोडून द्यायला सांगितलेले नाही.

१९४५ नंतर सर्व संपले, असेही या शहराला म्हणता आलेले नाही. १९ डिसेंबर १९८० रोजी ज्यू प्रकाशक आणि न्यूरेंबर्गच्या ज्यू समाजाचे माजी अध्यक्ष श्लोमो लेविन आणि त्यांच्या सहचरी फ्रिडा पोश्के यांची एर्लांगेनमधील घरी गोळ्या घालून हत्या झाली. तपास बराच काळ मृतांच्याच परिचितांभोवती फिरत राहिला. पुढे ज्याच्याकडे बोट गेले तो ‘वेरस्पोर्टग्रुप हॉफमान’ या त्याच वर्षी बंदी घातलेल्या नवनाझी संघटनेचा सदस्य होता. गवत वाळते, पण बी जमिनीत राहते, ही गोष्ट स्तोत्रकर्त्याच्या शेतकरी श्रोत्यांना नवी नव्हती.

दुष्टाचा नाश की दुष्टतेचा?

एक प्रश्न उरतो. दुष्टता नाहीशी होणे म्हणजे दुष्ट माणसे नाहीशी होणे काय? १०४व्या स्तोत्राच्या अखेरीस पृथ्वीवरून पापी नाहीसे होवोत अशी प्रार्थना आहे. ज्यू परंपरेतील तालमुद ग्रंथात यावर एक संवाद आहे. रब्बी मेईर यांना काही गुंड त्रास देत होते आणि ते मरावेत अशी प्रार्थना त्यांनी केली. त्यांची विदुषी पत्नी बेरुरिया हिने त्यांना टोकले. मूळ हिब्रू शब्द ‘पापे’ असाही वाचता येतो. पापे संपावीत अशी प्रार्थना करा, मग पापी उरणारच नाहीत, असे तिने सांगितले. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातही दुर्जनाच्या मरणात देवाला संतोष नाही, त्याने मागे फिरून जगावे यात आहे, असे म्हटले आहे.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा गळून पडावा असे मागितले आहे. भाषा, देश आणि धर्म वेगळे असूनही बेरुरिया आणि ज्ञानेश्वर यांचे मागणे एकमेकांजवळ येते.

बायबलमधील या विचाराचा सारांश सांगायचा तर तो असा. दुष्टतेला वजन नाही, स्वतःचे मूळ नाही, म्हणून ती टिकणार नाही, हे ग्रंथाचे म्हणणे आहे. ती किती दिवस राहील याचा हिशेब तो देत नाही आणि ज्युरियो यांच्यासारख्या ज्यांनी तो मांडला त्यांचा तो चुकला. पीडिताने हे वाक्य धरून ठेवले तर त्याला तग धरता येतो; ह्युगेनॉटांना त्यावर एक नगर उभारता आले. ज्याच्यावर अन्याय होत नाही त्याने तेच वाक्य म्हटले, तर ते हातावर हात ठेवून बसण्याची सबब होते. आणि सत्तेजवळच्या विद्वानाला त्याचा विसर पडला, तर तो चार दिवसांच्या सत्तेला देवाची व्यवस्था म्हणून मोकळा होतो. एर्लांगेनमध्ये निर्वासितांच्या चर्चपासून पुस्तकांची होळी झालेल्या श्लोसप्लात्सपर्यंत चालत जायला काही मिनिटे पुरतात. या शहरात राहणाऱ्या किंवा कामानिमित्त येणाऱ्या मराठी मंडळींनी ते अंतर एकदा सावकाश चालावे.